लॅपटॉपवर झकास दिसणारा फोटो अल्बममध्ये काळपट का येतो?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नांचा मोसम सुरू होतो. नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजसारख्या भागात छोटे फोटो स्टुडिओ चालवणाऱ्यांची रात्रपाळीही तेव्हाच सुरू होते. दिवसभर हॉलवर शूटिंग, रात्री गाळ्यात बसून लॅपटॉपवर एडिटिंग आणि मग फाइल लॅबकडे. लॅपटॉपवर सगळं छान दिसत असतं. पण छापलेला अल्बम हातात येतो तेव्हा कधी कधी चेहरे काळपट असतात, शालूच्या निऱ्या लाल रंगात बुडालेल्या असतात आणि हळदीचा पिवळा फिका पडलेला असतो.

“दादा, फोटो असे कसे आले?” असं घरचे विचारतात. फोटोग्राफर लॅबला फोन करतो. लॅब म्हणते, फाइलच तशी होती. अल्बम पुन्हा छापायचा तर खर्च कोणी द्यायचा, यावरून वाद होतो. अनेकदा लॅबचं म्हणणं खरं असतं आणि फोटोग्राफरही खोटं बोलत नसतो. गडबड असते ती लॅपटॉपच्या स्क्रीनची.

स्क्रीनची चूक फोटोत उलटी कशी उतरते?

एडिटिंग करणारा माणूस फाइलमधले आकडे बघत नाही, स्क्रीनवरचं चित्र बघतो. त्यामुळे स्क्रीन ज्या बाजूला चुकते, त्याच्या उलट बाजूला फोटो ढकलला जातो.

पहिलं उदाहरण ब्राइटनेसचं. स्क्रीन पूर्ण उजेडावर असेल तर फोटो आहे त्यापेक्षा उजळ दिसतो. मग हात आपोआप तो थोडा गडद करतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो, म्हणून प्रिंट आणखी काळपट वाटते. प्रिंट काळी येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

दुसरं उदाहरण नाइट लाइटचं. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळसर करणारी ही सोय चालू राहिली, तर फोटो जास्त पिवळा वाटतो आणि त्यात निळा वाढवला जातो. सकाळी तोच फोटो दुसरीकडे पाहिला की हळद फिकी आणि चेहरे निळसर.

तिसरं उदाहरण स्वस्त पॅनेलचं. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘45 टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ, इंटरनेटवर आणि बहुतेक फोटो लॅबमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एसआरजीबी’ रंगांपैकी साधारण 60 ते 65 टक्केच ती स्क्रीन दाखवू शकते. अशा स्क्रीनवर गडद लाल मरगळलेला दिसतो. तो खुलवण्यासाठी सॅच्युरेशन वाढवलं जातं आणि प्रिंटमध्ये लाल रंगाचा नुसता ठोकळा उरतो. निऱ्या आणि जरीची बारीक नक्षी त्यात हरवते.

कॅलिब्रेशन म्हणजे काय?

वाण्याचा तराजू जसा प्रमाण वजन ठेवून तपासतात, तशी स्क्रीन ठरलेल्या मापांशी ताडून पाहणं म्हणजे कॅलिब्रेशन. फोटोच्या कामासाठी ही मापं साधारण ठरलेली आहेत: पांढऱ्याची छटा 6500 केल्विन, गॅमा 2.2 आणि प्रिंटसाठी उजेड चौरस मीटरला 80 ते 120 कँडेला.

त्यानंतर तयार होतं प्रोफाइल. ही एक छोटी फाइल असते. ‘या स्क्रीनचा लाल अमुक इतका आहे, हिरवा तमुक’ अशी माहिती ती सॉफ्टवेअरला देते. प्रत्येक कंपनीच्या यंत्राला दुसऱ्याची भाषा कळावी म्हणून 1993 मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं. म्हणून या फाइलला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. एसआरजीबी हे प्रमाण एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं 1996 मध्ये मांडलं.

फोटोशॉप, लाइटरूम, गिंप, डार्कटेबल ही सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचतात. फोटो बघायची सगळीच अ‍ॅप वाचत नाहीत. म्हणून एकाच लॅपटॉपवर एकच फोटो दोन ठिकाणी वेगळा दिसू शकतो.

नुसत्या डोळ्यांनी जमत नाही का?

थोडंफार जमतं. विंडोजमध्ये ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ असं शोधलं की गॅमा आणि रंगांचा तोल जुळवण्याची सोय सापडते. पण डोळा फसवा असतो. पिवळ्या बल्बच्या खोलीत दहा मिनिटं बसलं की पांढरा कागद पुन्हा पांढराच वाटू लागतो.

म्हणून कलरिमीटर वापरतात. माऊसएवढं हे यंत्र स्क्रीनवर टेकवून ठेवतात. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, यंत्र प्रत्येक रंग मोजतं आणि फरकावरून प्रोफाइल बनतं. हा फरक ‘डेल्टा ई’ या आकड्यात सांगतात. साधारण 1 च्या खालचा फरक डोळ्याला कळत नाही, 2 च्या आत असेल तर काम उत्तम. डेटाकलर आणि कॅलिब्राइट या कंपन्यांची यंत्रं प्रसिद्ध आहेत. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

मात्र पॅनेल जे रंग दाखवूच शकत नाही, ते कॅलिब्रेशननं येत नाहीत. नवा लॅपटॉप किंवा मॉनिटर घेताना ‘100 टक्के एसआरजीबी’ आणि आयपीएस पॅनेल पाहणं म्हणूनच महत्त्वाचं.

यंत्र नसेल तर आज काय करता येईल?

• नाइट लाइट, आपोआप बदलणारा ब्राइटनेस आणि बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन मंद करणारी सोय बंद करा.

• स्क्रीन अर्धा तास चालू ठेवून मगच रंगांचं काम सुरू करा.

• शटरमधून येणारं ऊन स्क्रीनवर पडू देऊ नका. दिवसा आणि रात्री खोलीतला उजेड शक्यतो सारखा ठेवा.

• स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. शेजारी पांढरा कागद धरा, त्यावर पांढऱ्या दिव्याचा प्रकाश पडू द्या. दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. बटणाची ती जागा लक्षात ठेवा.

• पूर्ण अल्बम पाठवण्याआधी चेहरा, लाल शालू, हळद आणि पांढरा सदरा असलेले दोन-तीन फोटो त्याच लॅबमधून छापून घ्या आणि स्क्रीनशेजारी धरून बघा.

• फाइल एसआरजीबीमध्ये, प्रोफाइल जोडून सेव्ह करा. लॅबकडे त्यांच्या कागदाचं प्रोफाइल असेल तर मागून घ्या. लाइटरूम किंवा फोटोशॉपमधल्या सॉफ्ट प्रूफिंगमध्ये ते वापरलं की प्रिंटचा अंदाज आधीच येतो.

यंत्र एकट्याला परवडत नसेल तर जवळपासचे तीन-चार स्टुडिओ मिळून एक घेऊ शकतात. स्क्रीन हळूहळू बदलत जाते, त्यामुळे महिन्यातून एकदा मोजणी करावी. निदान मोसम सुरू होण्याआधी तरी.

घरच्यांच्या मोबाइलवर फोटो वेगळा दिसणारच?

हो. प्रत्येक फोनची स्क्रीन वेगळी, त्यावर कोणाचाच ताबा नाही. पण फाइल बरोबर असेल तर फोटो एका फोनवर जरा उजळ, दुसऱ्यावर जरा भडक दिसेल, एवढंच. फाइलच चुकलेली असेल तर ती चूक प्रत्येक फोनवर दिसेल आणि अल्बममध्ये कायमची राहील. हळद पुन्हा लागत नाही, तिचा फोटोही पुन्हा काढता येत नाही. रंगांचा वाद मिटवायचा तर तो छपाईआधी, स्वतःच्या स्क्रीनवरच मिटवावा लागतो.