सोसायटीची बोअर, सगळ्यांचे पाणी

पुण्याच्या पश्चिमेला भूगावजवळच्या खाटपेवाडीत रामनदी उगम पावते आणि बावधन, पाषाण करत औंधजवळ मुळेला मिळते. गेल्या काही दशकांत तिच्या खोऱ्यात सोसायट्यांची दाटी झाली. नळाचे पाणी पुरेसे पोचण्याआधीच माणसे राहायला आली, त्यामुळे जो तो बोअर मारत गेला. उन्हाळ्यात बोअर थांबून थांबून पाणी देऊ लागते, मग टँकर येतो. तोही बऱ्याचदा आसपासच्याच एखाद्या विहिरीवर भरलेला असतो.

असे का होते, याचे उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. थराच्या पोटात घट्ट काळा कातळ असतो, तर माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेला मांजऱ्या खडक. पाणी राहते ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत. ही जागा फार थोडी आहे. १ घनमीटर खडक पाण्याने पूर्ण भरला, तरी त्यातून हाती लागते साधारण १० ते ३० लिटर. नदीच्या गाळाच्या प्रदेशात वाळू याच्या कितीतरी पट पाणी देते.

खोल गेल्यावर पाणी वाढेल, ही आशा म्हणूनच सहसा फोल ठरते. खाली भेगा कमी होत जातात, आणि तिथे लागलेले पाणी पुष्कळदा वरच्याच थरातून उतरलेले असते. ३०० फुटांची नवी बोअर शेजारची १५० फुटांची बोअर कोरडी करू शकते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणले आणि पाणलोट क्षेत्रासाठी समित्यांची तरतूद केली, ती याच कारणाने. पण बोअर मारताना खडकाचा नकाशा पाहतो कोण? सोसायटीचे कुंपण आपल्यापुरते असते, खालचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडकाचा थर, सगळ्यांचा एकच.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने ही गोष्ट फार आधी ओळखली. तिथे पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका हेक्टरवर सुमारे ४० लाख लिटर पाणी पडते, त्यातले बरेचसे वाहून किंवा उडून जाते. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी राखायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची, असा ताळेबंद तिथली ग्रामसभा मांडते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही, हेही गावानेच ठरवले. मला तिथल्या बंधाऱ्यांपेक्षा ही मोजदाद मोलाची वाटते. बंधारा पाणी अडवतो, पण ते किती उपसायचे हे हिशेबाशिवाय ठरत नाही.

शहराच्या कडेला ग्रामसभा नाही, पण एका ओढ्याच्या खोऱ्यातल्या सोसायट्या एकत्र बसू शकतात. दर महिन्याला पंप बंद ठेवून बोअरमधली पातळी मोजायला लांब टेप पुरते. सगळ्यांचे आकडे एका तक्त्यावर आले की उपसा कुठे जास्त आहे ते कळते. छतावरचे पाणी जिरवतानाही जपायला हवे. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे आणि उरलेले गाळूनच आत घालावे. भेगाळ कातळात पाणी फारसे गाळले जात नाही. एका बोअरमध्ये शिरलेले सांडपाणी त्याच भेगेवरच्या दुसऱ्या बोअरमध्येही पोचते.