शटर कोणाच्या हाती?

छायाचित्रात जे दिसते त्याहून ते टिपणारा मनुष्य कोठे उभा होता, कोणाच्या परवानगीने उभा होता आणि त्याच्या पाठीशी पहारा कोणाचा होता, हे धुंडाळण्याचा नाद मला फार दिवसांचा आहे. आणि त्या नादापायीच लॉस एंजेलिसमधील ‘लिटल टोकियो’ या जपानी वस्तीच्या इतिहासात मी जो शिरलो तो अद्याप बाहेर पडलेलो नाही. १८८४ साली शिगेता नावाच्या एका माजी खलाशाने ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर खाणावळ काढली, तेथून या वस्तीचा जन्म धरतात. पुढे पर्ल हार्बरवरील जपानी हल्ला, १९ फेब्रुवारी १९४२ चा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम आणि त्यापायी जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार माणसांची छावण्यांत झालेली रवानगी, हे सर्व वाचकांस विदित आहेच.

मला खिळवून ठेवले ते तोयो मियाताके या छायाचित्रकाराने. १८९५ साली जपानात जन्मलेला आणि १९०९ साली अमेरिकेत आलेला हा गृहस्थ १९२३ पासून लिटल टोकियोत स्टुडिओ चालवीत होता. त्या छावण्यांपैकी मँझनारच्या छावणीत जाताना, कॅमेरा बाळगण्याची सक्त मनाई असतानाही, त्याने सामानात भिंग आणि फिल्मचा धारक दडवून नेला, आणि छावणीतल्याच एका सुताराकडून, वरवर पाहता जेवणाचा डबा वाटावा अशी लाकडी पेटी करवून तिचा कॅमेरा बनविला. गोष्ट उघडकीस आली तेव्हा अंमलदारांनी जी तोड काढली तिच्याइतका मासलेवाईक सरकारी न्याय माझ्या पाहण्यात नाही: मियाताकेने जागा निवडावी, माणसे बसवावीत, प्रकाश जोखावा, भिंग जुळवावे, मात्र शटर दाबावयाचे ते एखाद्या गोऱ्या इसमाने! कालांतराने ही अट सैल झाली, आणि आपल्या बंदिवासाचे चित्र आपल्याच बोटाने टिपण्याचा अधिकार त्याला मिळाला.

याच्या उलट, डोरोथिया लँग या विख्यात छायाचित्रकर्तीला सरकारनेच मेहनताना देऊन या स्थलांतराची चित्रे घेण्यास नेमले होते. परंतु तिच्या चित्रांत सरकारला नको असलेली करुणा उतरली, तेव्हा युद्धकाळात ती दप्तरदाखल करून लोकांच्या दृष्टीआड ठेवण्यात आली. ज्याला मनाई होती त्याने चित्रे काढली, आणि जिला परवाना होता तिची चित्रे अडकली!

१९९३ साली नोबुहो नागासावा या शिल्पकर्तीने मियाताकेच्या त्या पेटीची वाढविलेली कांस्यप्रतिकृती जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयासमोर उभी केली. ही प्रतिकृती मुकी नाही. काळोख पडल्यावर ती मियाताकेची छायाचित्रे संग्रहालयाच्या खिडकीवर पाडू शकेल अशी तिची रचना आहे. १९९६ मध्ये शीला लव्हरां द ब्रेटव्हिल यांनी नागासावा व सोन्या इशी यांच्या साहाय्याने फर्स्ट स्ट्रीटच्या पदपथातच जुन्या दुकानांचा व त्यांतल्या माणसांच्या आठवणींचा लेख कोरून बसविला. भूतकाळाला वर्तमानावर आरोपिण्याची ही विद्या, म्हणजे आज ज्याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात ती, या गल्लीला स्मार्टफोनच्या पूर्वीच अवगत होती.

७ मे २०२२ रोजी त्याच संग्रहालयात ‘बी हिअर / १९४२’ हे प्रदर्शन उघडले. संग्रहालयाची जुनी इमारत म्हणजे १९२५ सालचे निशी होंगवानजी मंदिर, आणि याच मंदिरापाशी १९४२ साली कुटुंबेच्या कुटुंबे, हाती नेता येईल तेवढेच सामान घेऊन, बसमध्ये चढली होती. जपानी कलावंत मासाकी फुजिहाता यांनी लँग आणि रसेल ली यांची छायाचित्रे आधाराला घेऊन, आजच्या माणसांकडून ते प्रसंग त्रिमितीत साकार करून घेतले. ऑगमेंटेड रिॲलिटीचे ॲप उघडून फोन चौकात धरला की पेट्या-बोचक्यांसह ताटकळणारी ती मंडळी त्याच फरसबंदीवर उभी दिसत. दालनाच्या आत मात्र फुजिहातांनी प्रेक्षकालाच छायाचित्रकाराच्या जागी उभे केले. बळीच्या दुःखाशी समरस होऊन डोळे टिपण्याची सोय तेथे नव्हती. पाहणाऱ्याने टिपणाऱ्याची भूमिका पत्करावयाची होती, आणि मियाताकेवर लादलेल्या त्या अटीला इतका नेमका जबाब मला दुसरा आढळला नाही.

तरीही माझी एक तक्रार आहे. युद्धकाळात ओस पडलेल्या या वस्तीतल्या खोल्यांत दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे राहिली, वस्तीला ‘ब्राँझव्हिल’ हे नाव पडले, १९४६ मध्ये चार्ली पार्करने तेथे आपला सॅक्सोफोन वाजविला. हे उपाख्यान या देखाव्याच्या कक्षेत आले नाही. दुसरी तक्रार अधिक व्यावहारिक आहे. अशा प्रयोगांनी वस्तीचे ‘पुनरुज्जीवन’ होते असे उत्साहाने म्हणतात. पण १९७२ पासून चालत आलेल्या सुएहिरो उपाहारगृहाला २०२४ च्या आरंभी फर्स्ट स्ट्रीटवरील जागा सोडावी लागली, आणि त्याच वर्षी ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय संरक्षण-न्यासाने लिटल टोकियोला देशातील सर्वाधिक संकटग्रस्त अकरा स्थळांत गणले. खुद्द मियाताकेचा स्टुडिओही आज तेथे नसून सॅन गॅब्रिएलला आहे. फोनमधला देखावा माणसाला गल्लीपर्यंत आणतो, भाडेपट्टा टिकवीत नाही. आणि म्हणून लोकांकडून भांडवल गोळा करून जागाच विकत घेऊ पाहणारा तेथील कम्युनिटी इम्पॅक्ट फंड मला कोणत्याही ॲपपेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे हल्ली त्या मुलखात आहेत. त्यांच्याकडे जाणे झाल्यास वाचकांनी तो कांस्याचा कॅमेरा अवश्य पाहावा, आणि परतताना १९०३ पासून चालू असलेल्या फुगेत्सु-दो या मिठाईच्या दुकानातून मोची विकत घ्यावी; नुसते पाहून परतू नये.