पिकअप मोठी का होत गेली?

चाकांवरचा शेतमाल : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण तीनचाकी टेम्पोपाशी थांबलो होतो. त्यानंतरचं वळण २००५ सालचं. त्या वर्षी टाटा मोटर्सने ‘एस’ आणली आणि गावोगावी तिचा ‘छोटा हत्ती’ झाला. लांबी ३.८ मीटर, दोन सिलिंडरचं ७०० सीसीचं डिझेल इंजिन, क्षमता पाऊण टन. कांद्याची गोणी पन्नास किलोची धरली, तर एका खेपेला पंधरा गोण्या. तीनचाकी आणि १९८६ पासून धावणारी ‘४०७’ यांच्यामध्ये जी जागा रिकामी होती, ती या गाडीने भरून काढली. पण पुढच्या गाड्या त्या जागेत राहिल्या नाहीत. टाटाचीच ‘इंट्रा’ २०१९ मध्ये एक टनाची म्हणून आली आणि चार-पाच वर्षांत तिची १.७ टनांची आवृत्ती निघाली. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपचं सर्वांत मोठं मॉडेल दोन टन माल घेतं. हौदा दहा फुटांचा. म्हणजे चाळीस गोण्या. नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या कांदा बाजाराला जाणाऱ्या माणसाला हा फरक आकड्यांवाचूनही कळतो.

यात एक कोडं आहे. गाडी वाढली, शेत मात्र आटलं. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या सरासरी वहितीचं क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आलं. मग एका घरचा माल कमी होत असताना दोन टनांची गाडी कुणासाठी? उत्तर असं, की पिकअप बहुधा शेतकऱ्याची नसतेच. ती भाड्याने चालवणाऱ्याची असते. तो एका वस्तीवर दहा गोण्या भरतो, दुसऱ्या वस्तीवर पंधरा, आणि भाडं गोणीवर घेतो. चालक एकच, दिवस एकच, हप्ता ठरलेला. गोण्या दुप्पट झाल्या तरी डिझेल दुप्पट लागत नाही. शेत जितकं लहान, तितका अनेकांचा माल एकत्र करण्याला भाव. म्हणून तुकडे पडलेल्या जमिनीनेच मोठी गाडी मागितली, असं माझं मत आहे.

मात्र ती किती मोठी व्हावी, हे बाजाराने एकट्याने ठरवलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार, मालासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. दुसरी रेघ ३,५०० किलोंवर आहे. तिथे हलक्या मालवाहनांचा एन-१ वर्ग संपतो. आता अशोक लेलँडची २०२० ची ‘बडा दोस्त’ पाहा. तिच्या एका मॉडेलचं एकूण वजन २,९९० किलो, दुसऱ्याचं ३,४९०. दोन्ही रेघांच्या दहा किलो अलीकडे! याला योगायोग म्हणणाऱ्याने आपला भाबडेपणा जपावा. लायसनही आड येत नाही. हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केलं.

अमेरिकेतही छोट्या पिकअप फुगल्या, पण तिथली कारणं आपल्याकडे लागू करण्यात अर्थ नाही. तिथल्या इंधन नियमांत गाडीने जमिनीवर व्यापलेली जागा जितकी जास्त, तितकं उद्दिष्ट सैल ठेवलं गेलं. जुनी लहान फोर्ड रेंजर २०११ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये परतली ती थोराड होऊन. तिथे नियमाने आकाराला बक्षीस दिलं. आपल्याकडे नियमाने भिंत घातली आणि गाड्या भिंतीला टेकेपर्यंत वाढल्या.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. एक टनाच्या गाडीत दीड टन कोंबला जातच होता. मग दीड टनासाठी बनवलेली गाडी दिली, तर पाटे, ब्रेक आणि टायर निदान त्या भाराचे असतील. हे खरं आहे आणि मला मान्यही आहे. पण क्षमता वाढल्याने जादा भरण्याची सवय जात नाही. हौदा दहा फुटांचा झाला की तोही वरपर्यंत भरावासा वाटतो. दुसरा आक्षेप एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांचा. त्यांनी गाडी महाग केली, लांब नव्हे. मात्र महाग गाडीचा हप्ता फेडायला जास्त गोण्या लागतात, एवढा त्यांचा आडवाटेने हात आहे.

लहान गाडीची गरज संपली, असं तर कंपन्याही म्हणत नाहीत. जून २०२५ मध्ये टाटाने ३.९९ लाखांपासून ‘एस प्रो’ आणली. क्षमता ७५० किलो, म्हणजे वीस वर्षांपूर्वीचीच. पारनेर-अकोल्याच्या अरुंद वाडीरस्त्यांवर, भाजीच्या पाच-दहा क्रेटसाठी, हीच गाडी शहाणपणाची. तेव्हा पिकअप घ्यायला निघालेल्यांना एक विनंती : हौद्याची लांबी नंतर मोजा. आधी कागदावरचं एकूण वजन ३,००० च्या आत आहे का ते पाहा, आणि परतीच्या खेपेला किती भाडं मिळतं याचा हिशेब मांडा. रिकाम्या दहा फुटांनाही डिझेल लागतं.