बियाणे घरचे की दुकानाचे?

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दोन तऱ्हेची शेती आहे. पश्चिमेला, नाणेघाट आणि भीमाशंकरच्या अंगाला, पाऊस धो धो पडतो. तिथे भाताची खाचरे आहेत. पूर्वेला, आण्याच्या पठारावर आणि लोणी-धामणीकडे, पाऊस बेताचा. तिथे बाजरी होते. पण मृग जवळ आला की दोन्हीकडच्या शेतकऱ्याला एकच प्रश्न पडतो. बियाणे घरचे पेरावे, की दुकानातून आणावे?

याचे उत्तर बियाण्याच्या जन्मात आहे. बियाणे कसे जन्मले हे कळले, की उत्तर सापडते.

जुनी रीत निवडीची

आपल्या आज्या-पणज्या मळणीच्या आधी रानात फिरत. भरदार, निरोगी कणसे तेवढी खुडून बाजूला ठेवीत. तेच पुढच्या सालचे बी. यालाच निवड म्हणतात. निवडीने पिकाचा चांगला गुण टिकतो. पण जो गुण त्या पिकात मुळातच नाही, तो निवडीने कुठून येणार? त्यासाठी दुसऱ्या वाणाशी सोयरीक करावी लागते. या सोयरिकीला संकर म्हणतात.

आंबेमोहोराची सोयरीक

आंबेमोहोर भात तुम्हाला ठाऊक आहे. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास सुटतो. पण त्याचे ताट उंच आणि लवचिक. वारा-पाऊस आला की लोळते. उताराही कमी.

१९६६ साली फिलिपाइन्स देशातून आय. आर. ८ नावाचा भात निघाला. त्याचे ताट ठेंगणे आणि ताठ. खत घातले तरी लोळत नाही. पीक भरघोस. पण दाणा जाडा आणि त्याला वास नाही.

एकाकडे वास, दुसऱ्याकडे ताकद. मग वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने या दोघांचा संकर केला. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८.

हे काम फार नाजूक असते. भाताच्या एकेका फुलात सहा केसर असतात. त्यांत पिवळी भुकटी असते. तिला पराग म्हणतात. पराग हा नराचा भाग. भाताच्या फुलात नर आणि मादी दोन्ही एकत्रच असतात. म्हणून भाताचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. संकर करताना एका भाताचे फूल उमलण्याआधीच चिमट्याने सहाही केसर काढून टाकतात. वर कागदी पिशवी बांधतात. मग दुसऱ्या भाताचा पराग आणून त्यावर झटकतात. त्यातून मोजके दाणे मिळतात.

एवढ्याने काम संपत नाही. त्या दाण्यांच्या नातवंडांत सगळी सरमिसळ होते. कोणी उंच, कोणी ठेंगू. कोणाला वास, कोणाला नाही. त्यांतून हवी ती रोपे निवडायची. त्यांचे बी पेरायचे. पुन्हा निवडायचे. असे सहा-सात पिढ्या केले, म्हणजे सगळी रोपे एकसारखी येऊ लागतात. गुण पक्के होतात.

अशा मेहनतीने १९८७ साली नवा वाण बाहेर पडला. त्याला नदीचे नाव दिले, इंद्रायणी. आज आपल्या पश्चिम भागातल्या खाचरांत तो सर्वांच्या ओळखीचा आहे. तो सुधारित वाण आहे. त्याचे गुण पक्के झालेले आहेत. म्हणून इंद्रायणीचे घरचे बी पेरले तर चालते. मात्र भेसळीची ताटे आधीच उपटून टाकावीत. आणि दर तीन वर्षांनी नवे बी आणावे.

बाजरीची गोष्ट वेगळी

बाजरीच्या कणसात मादीचा भाग आधी तयार होतो. पराग मागून येतो. त्यामुळे एका कणसावर दुसऱ्या कणसाचा पराग वाऱ्याने येऊन पडतो. या गोष्टीचा शास्त्रज्ञांनी उपयोग केला. ज्या बाजरीला पराग धरत नाही, अशी बाजरी त्यांनी आई म्हणून घेतली. आईच्या चार ओळी, मग बापाच्या दोन ओळी, अशी पेरणी करतात. आईच्या ओळीतले दाणे तेवढे बी म्हणून विकतात. हे संकरित बियाणे. लुधियानाच्या विद्यापीठात डॉ. अठवाल यांनी १९६५ साली एच. बी. १ ही पहिली संकरित बाजरी दिली.

पहिल्या पिढीत आई-बापाचा जोर एकत्र येतो. पीक एकसारखे आणि भरघोस येते. पण ते गुण पक्के झालेले नसतात. दोन रंगांचे मणी आडून-पाडून ओवलेली माळ समजा. ती तुटली, आणि कोणी डोळे मिटून पुन्हा ओवली, तर पहिल्यासारखी होईल का? संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले की असेच होते.

हे आमच्या घरी घडले आहे. मी तेव्हा चौथीत होतो. वडिलांनी पहिल्यांदाच हायब्रीड बाजरी पेरली. पीक पाहायला माणसे बांधावर येत. वडिलांनी त्यातली शेलकी कणसे निवडून बी धरले. पुढच्या साली रान बघवेना. एक ताट डोक्याइतके, शेजारचे कमरेइतके. काही कणसे आधी पिकली, ती चिमण्यांनी खाल्ली. काही शेवटपर्यंत कोवळीच. निम्मे धान्यही घरात आले नाही. त्या साली बाजरी उसनी आणून खाल्ली. वडिलांनी आधी जमिनीला बोल लावला, मग नशिबाला.

बियाण्याची रिकामी पिशवी आईने मिरच्या ठेवायला घेतली होती. तिच्यावर 'संकरित' असे छापलेले होते. वडिलांना वाचता येत नव्हते. मला वाचता येत होते, पण त्या शब्दाचा अर्थ कळत नव्हता.

म्हणून सांगतो, पिकाच्या नावावर जाऊ नका. पिशवीवरचा शब्द वाचा. भातातही सह्याद्रीसारखे संकरित वाण आहेत. त्यांचे बी दर साली नवेच घ्यावे लागते. उलट बाजरीत धनशक्ती हा सुधारित वाण आहे. तो २०१२ साली आला. त्याच्या दाण्यात लोह जास्त असते. त्याचे बी रानाच्या मधल्या भागातली कणसे निवडून एक-दोन साले धरता येते.

जुने वाण मोडू नका

सुरुवातीच्या संकरित बाजऱ्यांची आई एकच होती. ती अमेरिकेतून आणलेली. १९७० नंतर गोसावी रोग आला. या रोगात कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो, गोसाव्याच्या जटेसारखा. आई एकच, म्हणून रोग एकदम सगळीकडे पसरला. मग रोगाला दाद न देणारी नवी बाजरी शोधावी लागली. असे गुण शोधायला निरनिराळे वाण जिवंत असावे लागतात. आंबेमोहोर कोणीच राखला नसता, तर इंद्रायणी कुठून आली असती? म्हणून घरात जुना वाण असेल, तर चार वाफे तरी त्याचे लावा.

एवढे ध्यानात ठेवा

१. पिशवीवर 'संकरित' असेल, तर बी दर साली नवे घ्या.
२. 'सुधारित' असेल, तर निवडून घरचे बी धरता येते.
३. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते. तिच्यावरचे वाणाचे नाव आणि मुदत वाचा.
४. घरचे बी पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. उगवलेले मोजा. भाताचे ऐंशी आणि बाजरीचे पंचाहत्तर तरी उगवले पाहिजेत.
५. शंका आली तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी पिशवी हातात घेऊन स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते.