मोटारीची चाके बदलताना

बैलगाडीचे चाक करणारा सुतार तुंबा, आरे आणि धाव यांचे माप ठरविल्यावाचून लाकडाला हत्यार लावीत नाही. आस एका मापाची आणि तुंबा दुसऱ्या मापाचा असला, तर गाडी शेताच्या बांधापर्यंतही धड जाणार नाही, हे तो जाणून असतो. मोटारीच्या चाकाबाबत हे भान पुष्कळदा राहत नाही. नवी मोटार घेतली, की तिची मूळची पोलादी चाके काढून तेथे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रुंद व चकचकीत चाके, म्हणजे 'अलॉय व्हील', बसविण्याची हौस आता तालुक्याच्या गावीही दिसते. दुकानातील निवड बहुधा रंग, नक्षी आणि किंमत पाहून होते. माप विचारले जाते ते सर्वांत शेवटी.

वास्तविक मोटारीचा सारा भार, तिचे वळणे आणि तिचे थांबणे ही चार चाकांवरच अवलंबून असतात. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग एका वेळी जमिनीला टेकलेला असतो. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. अशा मार्गावर तासन् तास वेगाने जाणारी मोटार असो, की पाच माणसे व सामान घेऊन घाट चढणारी, चाकाच्या मापातील चूक तेथे लपून राहत नाही. म्हणून ही मापे समजून घेणे प्रत्येक वाहनधारकाच्या हिताचे आहे.

टायरवरील अंकांचा अर्थ

टायरच्या कडेवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' अशा प्रकारची अक्षरे असतात. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आहे. 'आर' हे अक्षर टायर रेडियल जातीचा असल्याचे दर्शविते, तर १५ हा तो ज्या रिमवर बसतो तिचा इंचांमधील व्यास. ८८ हा भारदर्शक अंक असून त्याचा अर्थ एका टायरची क्षमता ५६० किलोग्रॅम, असा होतो. शेवटचे 'एच' हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते.

याखेरीज चार अंकी निर्मितीदिनांकही कडेवर असतो. '२३२४' असे अंक असल्यास तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. स्वस्त म्हणून पुढे केलेला टायर किती जुना आहे, हे या अंकांवरून क्षणात कळते.

बाहेरचा व्यास कायम राहावा

मोठी रिम घ्यावयाची, तर टायरची कड त्या प्रमाणात कमी उंचीची घ्यावी लागते. वरील टायरचाच हिशेब पाहू. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. वरची व खालची कड मिळून २४०.५ मिलिमीटर आणि १५ इंची रिम ३८१ मिलिमीटर. चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर झाला. आता १६ इंची रिमवर '१९५/५५' हा टायर बसविल्यास व्यास ६२०.९ मिलिमीटर येतो. हा फरक नगण्य आहे.

याउलट त्याच १५ इंची रिमवर 'दिसायला भरदार' म्हणून '२०५/६५' हा टायर चढविला, तर व्यास ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक मोठा होतो. मूळ मापाला अचूक असलेला वेगदर्शक काटा आता ताशी १०० किलोमीटर दाखवीत असताना मोटार प्रत्यक्षात १०४ किलोमीटरच्या वेगाने धावत असते. चालकाला त्याची कल्पना नसते. शिवाय चाक वळविताना टायर मडगार्डच्या आतील भागाला घासण्याचा संभव निर्माण होतो.

रिमची रुंदीही टायरशी जुळली पाहिजे. '१८५/६५ आर १५' हा टायर ५ ते ६.५ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. तोच ७ इंची रिमवर ताणून बसविल्यास त्याच्या कडा अस्वाभाविक रीतीने ओढल्या जातात व त्यांना रिमची पकड नीट मिळत नाही.

ऑफसेट म्हणजे काय?

चाकांच्या निवडीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे माप म्हणजे 'ऑफसेट'. चाक ज्या सपाट पृष्ठभागाने मोटारीच्या हबवर बसते, तो पृष्ठभाग रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर असेलच असे नाही. मध्यरेषेपासून त्या पृष्ठभागाचे जे अंतर, तो ऑफसेट होय. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असल्यास ऑफसेट धन आणि आतील बाजूस असल्यास ऋण समजतात. चाकावर तो बहुधा 'ईटी' या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. ऑफसेटचा अंक जसजसा कमी होतो, तसतसे चाक मोटारीच्या बाहेर सरकते.

एक उदाहरण घेऊ. मूळ रिम ६ इंच रुंद असून तिचा ऑफसेट ४५ आहे. त्याऐवजी ७ इंच रुंद व ३५ ऑफसेटची रिम पसंत केली. सहा इंचांची निम्मी रुंदी ७६.२ मिलिमीटर. तीतून ४५ वजा केल्यास रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ३१.२ मिलिमीटरवर येते. नव्या रिमची निम्मी रुंदी ८८.९ मिलिमीटर. तीतून ३५ वजा केल्यास ५३.९ मिलिमीटर उरतात. म्हणजे नव्या रिमची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली. आतील कडेसाठी वजाबाकीऐवजी बेरीज करावी. ती पूर्वी १२१.२ होती, आता १२३.९ झाली. म्हणजे चाक आतही २.७ मिलिमीटर सरकले.

दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीत या दोन-सव्वादोन सेंटिमीटरचे काहीच वाटत नाही. पाच माणसे बसून मोटार खड्ड्यात दबली, की टायरची बाहेरची बाजू मडगार्डला घासू लागते. चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरील भाराची तरफ लांबते आणि बेअरिंग लवकर झिजते. स्टिअरिंगची घडणही चाक ठरावीक रेषेत टेकेल असे गृहीत धरून केलेली असते. ती रेषा सरकली, की ब्रेक लावताना अथवा एक चाक खड्ड्यात जाताच स्टिअरिंग एकीकडे ओढले जाते. अतिरिक्त ऑफसेटचे चाक याच्या उलट आत शिरते व सस्पेन्शनच्या भागांना किंवा ब्रेकला टेकू शकते.

चुकीचा ऑफसेट झाकण्यासाठी काही ठिकाणी हब व चाक यांमध्ये जाड चकती, म्हणजे 'स्पेसर', घालतात. चकतीच्या जाडीइतके बोल्टचे आटे कमी पकडले जातात, ही गोष्ट ग्राहकाला सांगितली जात नाही. दोष चाकाच्या निवडीत असताना चकतीने तो दूर होत नाही.

भोके, मधले छिद्र आणि नट

बोल्टची संख्या आणि ज्या वर्तुळावर ते असतात त्याचा व्यास, ही जोडी तंतोतंत जुळावी लागते. '४ × १००' याचा अर्थ १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट. ९८ किंवा १०८ मिलिमीटरचे चाक ओढूनताणून बसविणे धोक्याचे आहे. चाकाच्या मधले छिद्र हबपेक्षा मोठे असल्यास योग्य मापाचे कडे घालावे, अन्यथा चाक केंद्रावर न बसता थरथर सुरू होते. नटाची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोलसर, हेही पाहावे. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत आणि सुमारे शंभर किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत.

भारक्षमता आणि कायदा

नव्या टायरचा भारदर्शक अंक मूळ अंकापेक्षा कमी असता कामा नये. ८८ ऐवजी ८४ अंकाचा टायर घेतला, तर क्षमता ५६० वरून ५०० किलोग्रॅमवर येते. चार टायर मिळून २४० किलोग्रॅमची घट होते. ही घट तीन-चार प्रवाशांच्या वजनाएवढी आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच तत्त्व अधोरेखित केले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९४ व ९५ मध्ये टायरची स्थिती व आकार यांसंबंधी तरतुदी आहेत. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास तो टायर बदललाच पाहिजे. अपघातानंतर विमा कंपनीही बदललेल्या चाकांवर हरकत घेऊ शकते.

निवडीचा क्रम

प्रथम मोटारीची माहितीपुस्तिका आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रक पाहावे. निर्मात्याने त्या मोटारीच्या वरच्या प्रतीसाठी मोठी रिम दिलेली असेल, तर तेच माप निवडणे सर्वांत निर्धोक होय. त्यानंतर बोल्टचे वर्तुळ, मधले छिद्र, रिमची रुंदी, ऑफसेट, टायरचा व्यास आणि भारदर्शक अंक या क्रमाने कागदावर टिपण करून मगच दुकानात जावे. चाके बसविल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मोटारीत माणसे बसवून घासण्याची तपासणी करावी. हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा.

शाळेच्या सहलीसाठी, रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात नेण्यासाठी किंवा पंचायतीच्या कामासाठी भाड्याने मोटार ठरविताना या गोष्टींकडे एक नजर टाकणे कठीण नाही. मडगार्डबाहेर आलेले चाक आणि गुळगुळीत झालेला टायर यांची पारख करण्यास यंत्रज्ञ असण्याची गरज नसते. ही मापे शिक्षकांनी वर्गात गणिताचे उदाहरण म्हणून सोडवून घेतली, तर उद्या मोटार चालविणाऱ्या मुलांना ती आजच परिचयाची होतील. आणि भाड्याच्या मोटारीत बसण्यापूर्वी तिच्या चाकांकडे पाहण्याची सवय गावात रुजली, तर घाटाच्या एखाद्या वळणावर ती कोणाचा तरी जीव वाचवील.