लघुउद्योगांच्या प्रशिक्षण व साहाय्यविषयक गरजांचे मूल्यमापन

लघुउद्योग चालविणाऱ्या व्यक्तींना कोणते ज्ञान व कौशल्य कमी पडते आणि त्यांच्या उद्योगांना भांडवल, यंत्रसामग्री, कच्चा माल, बाजारपेठ, तांत्रिक सल्ला इत्यादींपैकी कोणते साहाय्य हवे आहे, हे प्रत्यक्ष पाहणी करून ठरविण्याची पद्धती. विकसनशील देशांत लघुउद्योगांसाठी प्रशिक्षणाचे व कर्जपुरवठ्याचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबविले जातात. त्यांची आखणी करण्यापूर्वी असे मूल्यमापन होणे आवश्यक असते. कारण प्रशिक्षणाने ज्ञान, कौशल्य व काही अंशी वृत्ती यांतील उणीव भरून निघते, भांडवलाची वा बाजारपेठेची उणीव भरून निघत नाही. या दोहोंत भेद करणे हे मूल्यमापनाचे मुख्य कार्य होय.

लघुउद्योगाची व्याख्या देशपरत्वे वेगवेगळी आहे. काही देशांत ती कामगारांच्या संख्येवरून, तर काहींत गुंतवणुकीवरून केली जाते. भारतात २००६ च्या अधिनियमाने सूक्ष्म, लघू व मध्यम असे वर्ग निश्चित केले. २०२० पासून त्यांसाठी गुंतवणूक व वार्षिक उलाढाल असे दुहेरी निकष लावण्यात येतात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणुकीची कमाल मर्यादा २·५ कोटी रु. व उलाढालीची १० कोटी रु. असून लघुउद्योगासाठी त्या अनुक्रमे २५ कोटी रु. व १०० कोटी रु. आहेत. एवढ्या विस्तृत मर्यादेत रस्त्याकडेचा चर्मकार आणि यंत्रांचे सुटे भाग बनविणारा कारखानदार हे दोघेही येतात. म्हणून कायद्यातील वर्गावरून गरजेचे अनुमान करता येत नाही.

मोठ्या कारखान्यात खरेदी, उत्पादन, विक्री व हिशेब यांसाठी स्वतंत्र विभाग असतात. लघुउद्योगात ही सर्व कामे बहुधा एकच व्यक्ती करते. ती प्रशिक्षणाला गेली की तेवढे दिवस काम थांबते व उत्पन्न बुडते. निरुपयोगी प्रशिक्षणाचा भार त्यामुळे केवळ शासनाच्या तिजोरीवर पडत नाही, तो त्या कुटुंबाच्या मिळकतीवरही पडतो.

ऐतिहासिक आढावा : भारतात या विषयाचा पद्धतशीर विचार स्वातंत्र्योत्तर काळात सुरू झाला. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ञमंडळाच्या शिफारशींनंतर १९५४ मध्ये लघुउद्योग विकास आयुक्तांचे कार्यालय स्थापन झाले व तांत्रिक सल्ला देणाऱ्या प्रादेशिक सेवा संस्था उभ्या राहिल्या. १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला. त्याच वर्षी द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग यांच्या विकासाविषयी आपला अहवाल सादर केला. या काळातील साहाय्याचा भर यंत्रे, कच्चा माल, कर्ज आणि तांत्रिक मार्गदर्शन यांवर होता.

उद्योजकाच्या वृत्तीकडे लक्ष वेधले गेले ते १९६० नंतरच्या दशकात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबाद येथील लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण दिले (१९६४). पुढे १९७० मध्ये गुजरातच्या औद्योगिक निगमांनी उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू केला. त्यात उमेदवारांची निवड, प्रेरणा-प्रशिक्षण, प्रकल्पाची आखणी व कर्ज मिळविण्यास मदत यांची सांगड घातलेली होती. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ मध्ये, अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था १९८३ मध्ये, तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये सुरू झाले.

इतर विकसनशील देशांतही याच सुमारास दृष्टिकोन बदलला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केन्याविषयीच्या अहवालाने (१९७२) असे दाखवून दिले, की नोंदणी नसलेले छोटे व्यवसाय पुष्कळदा उत्पादक व किफायतशीर असतात. मात्र परवान्यांच्या जाचामुळे व शासकीय उपेक्षेमुळे त्यांची वाढ खुंटते. अशा व्यावसायिकाला वर्गात बसविण्यापेक्षा त्याच्या मार्गातील अडथळा दूर करणे अधिक अगत्याचे असते. स्वीडनमध्ये १९७० नंतर तयार झालेला छोट्या व्यावसायिकांसाठीचा अभ्यासक्रमही याच संघटनेने विकसनशील देशांच्या परिस्थितीला अनुरूप करून पुढे अनेक देशांत प्रचारात आणला.

तक्रार व गरज : ‘भांडवल पुरत नाही’ ही लघुउद्योजकाची नेहमीची तक्रार असते. ती खरी असते. परंतु तिच्यावरून कारण कळत नाही. लोखंडी दारे बनविणाऱ्या एखाद्या कारागिराचे उदाहरण घेता येईल. समजा, तो एक दार १०,००० रुपयांना विकतो. त्यासाठी लोखंडाला ७,००० रु. व मजुरीला २,००० रु. लागतात. उरलेले १,००० रु. तो नफा समजतो. तथापि वीज, जागेचे भाडे, वाया जाणारे लोखंड, यंत्राची झीज व स्वतःच्या श्रमाचे मूल्य मिळून १,४०० रु. होत असतील, तर प्रत्येक दारामागे त्याला ४०० रुपयांचा तोटा होतो. अशा कारागिराला कर्ज दिल्यास तो अधिक दारे करील व त्याचा तोटा वाढेल. शिवाय कर्ज फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल. त्याला उत्पादनखर्च काढण्याचे व त्यानुसार किंमत ठरविण्याचे शिक्षण हवे आहे.

दुसऱ्या कारागिराचा हिशेब बिनचूक असून त्याला दर दारामागे नफाही होतो. पण त्याचा मोठा खरेदीदार तीन महिन्यांनी पैसे देतो आणि मजुरी मात्र दर आठवड्याला द्यावी लागते. त्याला हिशेबाचे धडे देण्यात अर्थ नाही. खेळते भांडवल व वेळेवर वसुली ही त्याची गरज आहे. भारतात २००६ च्या अधिनियमान्वये सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे करारातील मुदतीत, परंतु जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिपटीने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याजाची आकारणी होते. परंतु पुढचे काम हातचे जाईल या भीतीने छोटा पुरवठादार पुष्कळदा तक्रारच करीत नाही. येथे कायद्याची माहिती ही प्रशिक्षणाची, तर तक्रारीनंतरचे संरक्षण ही साहाय्याची बाब ठरते.

तिसऱ्या कारागिराकडे मागणी आहे व पैसेही वेळेवर येतात. पण विजेचा पुरवठा वारंवार खंडित झाल्याने काम अडते आणि माल पडून राहतो. ही उणीव त्याच्या एकट्याच्या हातची नाही. ती सार्वजनिक सुविधांची आहे. तिघांचेही शब्द एकच. गरजा मात्र तीन प्रकारच्या आहेत.

मूल्यमापनाची पद्धती : केवळ प्रश्नावलीवर विसंबून केलेली पाहणी बहुधा फसते. ‘आपणास विपणनाचे प्रशिक्षण हवे काय?’ या प्रश्नाला सामान्यतः होकारच मिळतो. पाहणी करणाऱ्याच्या हाती कर्ज वा अनुदान आहे असा समज झाल्यास उत्तरेही त्या अनुरोधाने दिली जातात. म्हणून पाहणी पुढील टप्प्यांनी करणे इष्ट ठरते : (१) परिसरातील उद्योगांची यादी करून व्यवसाय, आकार व वय यांनुसार त्यांचे गट पाडणे, घरातून चालणारे व नोंदणी नसलेले उद्योगही त्यात घेणे. (२) प्रत्येक गटातून नमुना निवडून कामाच्या जागी जाऊन निरीक्षण करणे. (३) मत विचारण्याऐवजी अलीकडच्या व्यवहाराची माहिती घेणे, उदा., मागील महिन्यात माल कोणाला विकला, पैसे केव्हा आले, कोणते काम नाकारावे लागले व का. (४) खरेदीदार, कच्च्या मालाचे पुरवठादार, बँक अधिकारी व कामगार यांच्याकडून ती माहिती पडताळून पाहणे. (५) आढळलेल्या प्रत्येक उणिवेचे कारण शोधून ती प्रशिक्षणाने, व्यक्तिगत सल्ल्याने, वित्तपुरवठ्याने, सामूहिक सुविधेने की नियमांतील बदलाने दूर होईल, हे ठरविणे. (६) प्रशिक्षणाची वेळ, स्थळ व भाषा उद्योजकांना विचारून निश्चित करणे.

महिला उद्योजकांच्या बाबतीत अखेरचा टप्पा विशेष महत्त्वाचा ठरतो. घरकामामुळे त्यांना दिवसभराचे वर्ग गैरसोयीचे असतात. तारणयोग्य मालमत्ता पुष्कळदा त्यांच्या नावावर नसते. उद्योग नावाने स्त्रीचा व व्यवहार कुटुंबातील पुरुषाच्या हाती, असे असेल तर मुलाखत कोणाची घेतली यावर निष्कर्ष अवलंबून राहतो.

एकाच ठिकाणी एकाच व्यवसायाचे अनेक उद्योग असतील, तर त्यांचे निदान समूह म्हणून करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने भारतात तिरुप्पूर व लुधियाना येथील विणमाल, जयपूर येथील ठसेछपाईचे कापड आणि पुणे येथील अन्नप्रक्रिया या उद्योगसमूहांत या पद्धतीने काम केले. चाचणी प्रयोगशाळा वा एकत्रित खरेदी यांसारख्या एकट्याला न परवडणाऱ्या गरजा त्यायोगे स्पष्ट होतात.

परिणामांविषयीचे निष्कर्ष : प्रशिक्षणाचा उपयोग कितपत होतो, याविषयी एकविसाव्या शतकात अनेक नियंत्रित प्रयोग झाले. डेव्हिड मॅकेंझी यांनी २०२१ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार व्यवसाय-प्रशिक्षणामुळे विक्रीत सरासरी सु. ५ टक्के व नफ्यात सु. १० टक्के वाढ होते. प्रशिक्षण कोणते, यानेही फरक पडतो. टोगो देशातील लोमे येथे १,५०० सूक्ष्म व्यावसायिकांवर केलेल्या प्रयोगात (२०१७) पुढाकारवृत्ती वाढविणाऱ्या प्रशिक्षणाने नफा ३० टक्क्यांनी वाढला. रूढ व्यवस्थापन-प्रशिक्षणाने झालेली ११ टक्के वाढ संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका प्रयोगात (२०१४) रीतसर लेखाशास्त्रापेक्षा ‘घरचा व धंद्याचा पैसा वेगळा ठेवा’ यासारखे साधे ठोकताळे अधिक उपयोगी पडल्याचे दिसून आले. मुंबईजवळील तारापूर व उंबरगाव परिसरातील कापड गिरण्यांना दीर्घकाळ व्यवस्थापकीय सल्ला दिल्यावर पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली (२०१३). मात्र त्या गिरण्या लघुउद्योगांच्या मानाने मोठ्या होत्या आणि असा प्रत्यक्ष सल्ला वर्गातील प्रशिक्षणापेक्षा खर्चिक असतो.

मर्यादा : प्रशिक्षणार्थींची संख्या हेच यशाचे माप मानले, की मूल्यमापन नाममात्र उरते, अभ्यासक्रम आधी तयार होतो व गरज नंतर दाखविली जाते. भारतात २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी कौशल्य-पडताळणी, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची सांगड घातलेली आहे. अशी सांगड योग्य दिशेची असली, तरी कोणाला यांपैकी काय हवे, हा प्रश्न प्रत्येक कारागिरापुरता शिल्लक राहतोच. उद्योग वाढला, बाजार बदलला वा नवे तंत्र आले की गरजाही बदलतात. म्हणून मूल्यमापन ठरावीक काळाने पुन्हा करावे लागते. प्रशिक्षणाची गरज नाही, असा निष्कर्ष निघाल्यास तोही ग्राह्य मानण्याची तयारी असावी लागते.