विज्ञानासाठी वेगळी वाट

जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या या खाऱ्या सरोवराचे फोटो जगभर फिरले. वन खात्याने पाठवलेले नमुने तपासून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. नमुना बाटलीत मावतो, त्यातली माहिती मावत नाही. पाण्यातल्या सगळ्या जीवांचा डीएनए एकत्र वाचायचा म्हटलं, तर मोजक्या नमुन्यांतूनही 100 जीबी कच्ची माहिती सहज जमते. ती हलवायची कशी?

2009 मध्ये केंद्राच्या एनएमईआयसीटी या तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या मोहिमेने विद्यापीठांसाठी 1 जीबीपीएसची जोडणी ठरवली. कॉलेजांच्या वाट्याला 512 केबीपीएसच्या वीस जोडण्या, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम 10 एमबीपीएस. बुलढाण्याची कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. त्या हिशेबाने 100 जीबी पाठवायला अमरावतीत पंधरा मिनिटंही नकोत, कॉलेजात मात्र बावीस तास, तेही तार पूर्ण मोकळी असेल तर. मार्च 2010 मध्ये 5,990 कोटींच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली आणि ते उभारायचं काम एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेकडे आलं. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगाची माहिती साठवते आणि अभ्यासते, ती अशाच वेगवान जाळ्यांच्या जोरावर.

पण नुसता वेग विकत घेऊन भागत नाही. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेला, तरी गावात शिरणारा रस्ता खड्ड्यांचा असेल तर गाडी तिथेच अडते. कॉलेजातही तसंच. फायबर इमारतीपर्यंत येते आणि पुढे व्हरांड्यातल्या जुन्या 100 एमबीपीएसच्या स्विचवर सगळा वेग सांडतो. त्यातून वाचलं, तर फायरवॉल आडवी येते. ईमेल, वेबसाइट अशी किरकोळ वर्दळ तपासायला ती ठीक. एकाच मोठ्या फाइलचा सलग लोंढा आला की तिची साठवण भरते आणि काही पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, गळतात. पॅकेट गळलं की पाठवणाऱ्या संगणकाला वाटतं, वाट तुंबली. तो वेग एकदम खाली आणतो आणि मग हळूहळू वाढवतो. अंतर जितकं लांब, तितकं हे सावरणं संथ.

यावर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ईएसनेट या जाळ्याने ‘सायन्स डीएमझेड’ नावाची रचना पुढे आणली. 2013 च्या एका शोधनिबंधात ती सविस्तर मांडली आहे. आवाराच्या वेशीवरच, सगळ्यांच्या फायरवॉलला वळसा घालून, फक्त माहिती पाठवण्यासाठी एक सर्व्हर बसवायचा. सुरक्षा सोडायची नाही: कुणाला कुठून येऊ द्यायचं, हे राउटरवरच्या मोजक्या नियमांनी ठरवायचं. शेजारी पर्फसोनार हे मोफत मापन-सॉफ्टवेअर चालू ठेवायचं, म्हणजे पॅकेट कुठे गळतात ते आकड्यांत कळतं.

लहान कॉलेजाला हे झेपणारं आहे, फक्त खर्चाचा क्रम नीट लावायला हवा. आधी मोजमाप, मग प्रयोगशाळेपर्यंतची फायबर आणि गिगाबिट स्विच, मग माहितीसाठीचा सर्व्हर. जादा बँडविड्थचं बिल सगळ्यात शेवटी. सहसा हा क्रम उलटा लागतो, कारण बँडविड्थचा आकडा अहवालात शोभतो; व्हरांड्यातला स्विच कुणी पाहायला येत नाही.